जुन्या पिकअपला नवा हौदा: पहिल्याच पावसाळ्यात उघड्या पडणाऱ्या चुका

जालन्यात लोखंडाला तोटा नाही. रोलिंग मिलांचं गाव, वेल्डर म्हणाल तितके. म्हणूनच पिकअपचा हौदा सडला की मालकाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "जाड पत्रा टाका, पुन्हा बघायला नको." इथंच घोडं पेंड खातं. 8 फूट बाय साडेपाच फुटांचा तळ धरा. 3 मिमीच्या साध्या पत्र्यात तो 96 किलो भरतो, 5 मिमीमध्ये 160. म्हणजे डीएपीचं सव्वा पोतं गाडी रिकामी असतानाही अंगावर, आणि पंधरा वर्षांच्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे आधीच बसलेले. तळाला 3 मिमी चेकर्ड (उठावाच्या नक्षीचा पत्रा), बाजूंना 16 गेज (साधारण दीड मिमी) आणि खाली दीड फुटाच्या आत आडवे चॅनेल, एवढं शेतमालाला भरपूर झालं.

हौदा चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, वेल्ड करू नका. हे मी पैसे मोजून शिकलो. पहिल्या हौद्याला चारही कोपऱ्यांवर वेल्डिंग मारून घेतलं होतं. ओल्या रानातून सोयाबीनची पोती काढताना एक चाक खड्ड्यात, एक बांधावर, आणि केबिनमागून टणकन आवाज आला. वाकून बघितलं तर वेल्ड शाबूत, भेग त्याच्या शेजारी चासीतच पडलेली. चासी रस्त्याप्रमाणे पिळत असते. वरचा हौदा ताठ असला की सगळा ताण पुढच्या कोपऱ्यांवर येतो. त्यापेक्षा मध्ये बाभळीची पट्टी नाहीतर जाड रबर घालून यू-बोल्टने आवळा. बोल्ट आवळताना चासीच्या पोकळीत आधाराचा तुकडा ठेवा, नाहीतर कडा दबते. भोक पाडायचंच असेल तर उभ्या बाजूला पाडा, वरच्या-खालच्या कडेला नाही.

वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा, अर्थिंगचा चिमटा कामाच्या जवळ लावा, आणि डिझेल टाकी, ब्रेकचे पाइप कुठून जातात ते आधी बघा. चौकट वेल्डचे छोटे टाके मारून उभी करा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका टेप दोन्हीकडून धरा. मापं जुळली तरच पुढे. पत्र्याला सलग वेल्ड ओढला की तो पापडासारखा फुगतो. इंच-दीड इंच मारा, जागा बदला. चाकावरची जागा रिकाम्या गाडीवर मोजू नका, माल भरून मोजा.

आता रंग. लोक मे महिन्यात रंगवतात, कारण पेरणीआधी गाडी मोकळी असते. 42 अंशांत उन्हातला पत्रा हात टेकवू देत नाही. त्यावर गन मारली की रंग वाटेतच सुकतो, पसरत नाही, आणि पृष्ठभाग मोसंबीच्या सालीसारखा उठतो. सकाळी सात-आठला, सावलीत, उन्हाळ्याचा संथ थिनर वापरून मारा. जमिनीवर आधी पाणी शिंपडा, धूळ बसते. उलट, पावसाळी हवेत मारलेल्या रंगावर पांढरट झाक येते. दोन दिवस थांबलात तर काही बिघडत नाही.

रंगाला बारीक खळगे पडले, मासोळीच्या डोळ्यासारखे, तर दोष रंगाचा नाही. पत्र्यावर तेल राहिलंय किंवा कॉम्प्रेसरमधून येतंय. सुरकुत्या पडल्या तर जुन्या ऑइल पेंटवर पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारलाय. म्हणून रंगवण्याआधीच एका कोपऱ्यात थिनरची चिंधी दोन मिनिटं दाबून ठेवा. जुना रंग मऊ पडला तर खरवडून काढा. दोन महिन्यांत फोड आले तर खाली गंज, ओल किंवा हाताचा घाम अडकलाय. ग्राइंडरने चकचकीत केलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवू नका, त्याच दिवशी प्रायमर मारा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा असेल तर साधं रेड ऑक्साइड सोलून येतं, त्याला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला चावून धरणारा प्रायमर लागतो. आणि पीयूचं हार्डनर छातीत जातं, तोंडाला गमछा बांधून भागत नाही, चांगला मास्क घ्या.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे चॅनेलच्या आतली बाजू. खत सांडतं, ओल धरतं, लोखंड आतून खातं. तळाला कोपऱ्यांत पाणी निघायला भोकं ठेवा आणि आतून रंग ओतून फिरवा.

हौद्याची मापं वाढवली तर आरटीओत आधी विचारा. 1988च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 याच बदलांसाठी आहे. रिफ्लेक्टर टेप रंग पक्का झाल्यावर लावा: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल.

फाळक्यावर नाव लिहायची घाई मात्र करू नका. मी दुसऱ्याच दिवशी पेंटरला बसवलं होतं. अक्षरांच्या कडांना लावलेली चिकटपट्टी दुपारभर उन्हात राहिली, संध्याकाळी ओढली आणि 'आईची कृपा'मधला 'कृ' खालच्या रंगासकट तिच्याबरोबर निघून आला.