दिवाळीच्या शुभेच्छा आणि घरची खुशाली: दूरच्या मित्रमंडळींना फोनवरून कशी कळवावी

बडोद्यात दिवाळीच्या पाडव्याला उजाडण्याआधीच ‘सबरस’ अशी हाक देत शकुनाचे मीठ विकणारा गल्लीतून जातो, आणि तो जातो न जातो तोच फोन वाजू लागतो. तासाभरात साठ-सत्तर निरोप जमतात. बहुतेकांत तोच पणतीचा फोटो, तीच चारोळी आणि खाली पाठवणाऱ्याचे नावही नसते. दांडिया बाजारातल्या एकाच वाड्यात लहानपण गेलेली आमची मंडळी आज पुणे, इंदूर, लंडन, न्यू जर्सी आणि मेलबर्न अशी पांगली आहेत. वर्षातून एकदा त्यांचा निरोप यावा आणि त्यात त्यांचे स्वतःचे असे काहीच नसावे, याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून गेली काही वर्षे मी जी पद्धत ठेवली आहे, ती येथे सविस्तर लिहीत आहे.

आपल्या जुन्या पत्रांत वरती मायना असे, मग ‘येथील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे’ ही ओळ येई, त्यानंतर घरचा मजकूर आणि समोरच्याच्या घरची विचारपूस, आणि शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’. आजच्या निरोपात मायन्याच्या जागी शुभेच्छा उरल्या आहेत आणि मजकूर व विचारपूस गळून गेली आहे. ती परत आणावयाची, एवढेच काम आहे. शुभेच्छेच्या मागोमाग आपल्या घरची एक तरी ताजी बातमी असावी आणि समोरच्याला सहज उत्तर देता येईल असा एक तरी प्रश्न असावा. ‘कसे आहात?’ हा प्रश्न पुरेसा नाही, कारण त्याला ‘मजेत’ यापलीकडे उत्तर येत नाही. मागच्या वर्षी मी एका मैत्रिणीला जो निरोप लिहिला, तो थोडा बदलून येथे देते.

‘सुधाताई, पाडव्याचा नमस्कार. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन भाद्रपदात झाले, आता ती काठी न घेता अंगणातल्या तुळशीपर्यंत जाते, आणि परवा तिने स्वतः पाटावर बसून चिरोटे लाटले. थोरल्याची यंदा बारावी आहे, त्यामुळे सुट्टीत कोठे जाणार नाही. तुमची नात बोलू लागली का? तुम्हाला आजी म्हणते की आणखी काही, ते जरूर कळवा.’

या निरोपाला त्याच रात्री सव्वा मिनिटाचा बोलका निरोप आला आणि त्यात नातीचा आवाज होता. चिरोट्यांचा उल्लेख मुद्दाम केला होता, कारण सुधाताईंनी लहानपणी आमच्याच स्वयंपाकघरात बसून ते खाल्ले आहेत. ‘आईची तब्येत सुधारली’ असे लिहिण्यापेक्षा ती तुळशीपर्यंत चालत जाते असे लिहिले, की वाचणाऱ्याला ते अंगण दिसते.

असे निरोप पाडव्याच्या सकाळी घाईत लिहून होत नाहीत. मी कोजागरीला सुरुवात करते. कोजागरीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण पंधरा दिवस मिळतात. एका वहीत ज्यांना स्वतंत्र लिहावयाचे आहे अशांची नावे काढावीत (माझ्या वहीत ती चौदा आहेत), प्रत्येक नावापुढे त्या घरची शेवटची ठाऊक असलेली बातमी लिहावी आणि रोज एक-दोन निरोप फोनमधल्या नोंदवहीत तयार करून ठेवावेत. बाकीच्या ओळखीच्या मंडळींना एकच सामाईक निरोप चालतो. मात्र व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप, ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर साठवलेला असतो त्यांनाच पोहोचतो, हे ध्यानात ठेवावे. नंबर बदलला असेल तर आधी तो कळवावा, नाहीतर आपण पाठवले असे आपण समजतो आणि त्यांच्याकडे काहीच जात नाही.

यादी करताना एक गोष्ट सर्वांत आधी पाहावी, ती म्हणजे कोणाच्या घरी यंदा दुखवटा आहे. हे मी चुकून शिकले. चार वर्षांपूर्वी एका बालमैत्रिणीला इतरांबरोबर मीही नाचत्या पणत्यांचे चित्र पाठवले, आणि तिचे वडील जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मला ते ठाऊक होते, भेटून आलेही होते. परंतु सगळ्यांची नावे एकदम निवडताना तिचेही निवडले गेले. तिने काही म्हटले नाही, पण ती निळी खूण पाहून मला जे वाटले ते अजून विसरता येत नाही. तेव्हापासून वहीत अशा घरांच्या नावांपुढे फुली असते. त्यांना शुभेच्छा हा शब्द न वापरता, चित्र न जोडता, गेलेल्या माणसाची एखादी आठवण सांगणाऱ्या दोन ओळी लिहाव्यात: ‘पाडव्याला काका आम्हा सगळ्या मुलांना ओळीने बसवून ओवाळणी देत, ते आज फार आठवले. तू आणि काकू कशा आहात? रविवारी फोन करीन.’ आणि रविवारी खरोखर फोन करावा.

आता दिवस आणि वेळ. मराठी घरी दिवाळीची पहिली शुभेच्छा नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाबरोबर शोभते. आपल्या गुजराती मित्रांच्या घरी मात्र तो दिवस काळी चौदस असतो आणि संध्याकाळी चौकात वडे ठेवून ककळाट, म्हणजे घरातली भांडणे-कटकटी, बाहेर काढण्याची रीत असते. त्यांचे नवे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या पाडव्याला सुरू होते, म्हणून ‘साल मुबारक’ त्या दिवशी सकाळी जावे. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी विक्रम संवत २०८२ असे सुरू झाले. ज्या मराठी मित्राचे आयुष्य बडोद्यात गेले आहे तो पुण्यात राहावयास गेला तरी त्याला ‘पाडव्याच्या शुभेच्छा आणि साल मुबारक’ असे दोन्ही लिहावे. तेवढ्याने त्याला आपली गल्ली भेटते. लक्ष्मीपूजनाची तारीख प्रत्येक वर्षी पडताळून पाहावी. २०२५ साली कोणी ते २० ऑक्टोबरला केले, तर कोणी २१ ला, त्यामुळे ‘आज लक्ष्मीपूजन’ असे लिहिलेले निरोप काही घरी एक दिवस आधीच पोहोचले.

तिथीविषयी आणखी एक अडचण आपल्याला विशेष येते, कारण बडोद्याच्या मराठी कुटुंबांची नाती इंदूर आणि ग्वाल्हेरशी फार आहेत. महाराष्ट्रात आणि गुजरातेत महिना अमावास्येला संपतो, तर मध्य प्रदेशात तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षाचे नाव दोन्हीकडे एकच राहते, पण आपला श्रावण वद्य पक्ष तो तिकडचा भाद्रपद कृष्ण पक्ष. तेव्हा वर्षश्राद्धाची, मुंजीची किंवा साठीशांतीची बातमी नुसत्या तिथीने कळवली, तर इंदूरची मंडळी आपल्या गावातले कॅलेंडर पाहून महिनाभर आधीचा दिवस धरतील. तिथी लिहावी, तिच्यात गोडवा आहे, परंतु तिच्या शेजारी इंग्रजी तारीख आणि वार अवश्य लिहावा.

परदेशातल्या मित्रांशी बोलण्याची वेळ ठरवताना घड्याळ बदलते हे विसरू नये, आणि नेमके दिवाळीच्या आसपासच ते बदलते. न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेदहा तास. लंडन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास मागे असते आणि त्यानंतर साडेपाच. २०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला आली आणि त्याच दिवशी अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे गेली. आमच्या शेजारच्या घरी निरांजन लावून, पाटाभोवती रांगोळी काढून भावाची वाट पाहत सगळे संध्याकाळी सात वाजता फोनसमोर बसले होते, आणि तो त्याच्या घड्याळात साडेनऊ वाजण्याची वाट पाहत होता. मेलबर्नचे उलटे आहे. तेथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून वेळ आपल्यापुढे साडेपाच तास असते, म्हणजे आपली संध्याकाळ झाली की तिकडे मध्यरात्र होते. त्यांच्याशी दुपारी तीन-चारच्या सुमारास बोलावे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अंधार पडल्यावर कोणाशीच व्हिडिओवर बोलावयास बसू नये, फटाक्यांत एक शब्द ऐकू येत नाही.

लिहिताना देवनागरीतच लिहावे. जीबोर्डसारख्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडली की रोमन अक्षरे टाइप करूनही देवनागरी उमटते, आणि बोलून लिहिण्याची सोयही असते. बोलण्याआधी तेथे हिंदी नव्हे, मराठी निवडली आहे ना, ते पाहावे. नाहीतर दिवाळीची ‘दिवाली’ होते आणि तिळगूळ तर ओळखू येत नाही. ‘हार्दिक’ मधील दि ऱ्हस्व, ‘दीपावली’ मधील दी दीर्घ, आणि ‘शुभेच्छा’ मध्ये छ ला य जोडावयाचा नाही. पाठवल्यावर चूक दिसली तर व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येते. नावाची चूक तर दुरुस्त केल्यावाचून राहू नये.

ज्यांना वाचणे जमत नाही त्यांच्यासाठी आवाज. मोतीबिंदू झालेल्या मावशीला आणि परदेशात वाढणाऱ्या, मराठी समजणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या नातवंडांना लेखी निरोप पाठवून उपयोग नाही. एक मिनिटाचा बोलका निरोप पाठवावा, पंखा बंद करून, स्वयंपाकघरापासून दूर बसून, आणि सुरुवातीलाच आपले नाव व नाते सांगून: ‘मावशी, मी बडोद्याहून कुसुमची धाकटी बोलते आहे.’ बोलण्यात आपल्याकडचा एखादा आवाज आला, झोपाळ्याच्या कड्यांचा किंवा आरतीच्या घंटेचा, तर तो राहू द्यावा.

बातमी कोणती, कोणाला आणि कोणत्या क्रमाने कळवावी, येथे सर्वांत जास्त मने दुखावतात. साखरपुडा ठरला, बाळ झाले, घर घेतले, अशी बातमी गटावर टाकण्यापूर्वी जवळच्या माणसांना प्रत्यक्ष फोन झालेला असलाच पाहिजे. मामाला भाचीचे लग्न ठरल्याचे मित्रांच्या गटावरून कळले, तर त्याचे वाईट वाटणे रास्त आहे, आणि ते अनेक वर्षे निघत नाही. तसेच दुसऱ्याच्या घरची बातमी आपण आधी सांगू नये, मग ती कितीही आनंदाची असो. आजारपण कळवताना काय झाले, आता कसे आहे आणि भेटावयास यावे की नाही, हे तिन्ही स्पष्ट लिहावे. रिपोर्टचे फोटो पाठवू नयेत. निधनाची वार्ता सणाच्या निरोपात कधीही मिसळू नये. ती वेगळी, गेलेल्या व्यक्तीचे पूर्ण नाव, तारीख आणि पुढील विधींचे ठिकाण देऊन लिहावी. तिला उत्तर देताना हात जोडल्याचे चिन्ह टाकून थांबू नये. ‘बातमी वाचून फार वाईट वाटले, काकूंना धीर द्या’ एवढे लिहिण्यास अर्धे मिनिट लागते.

दिवाळसणाला जावई आला, तर फोटो अवश्य पाठवावा, परंतु मुलांना विचारून. गटावर भारंभार फोटो टाकण्यापेक्षा एक निवडावा आणि त्यात कोण कोण आहे ते डावीकडून लिहावे, कारण वीस वर्षे न भेटलेल्या मित्राला आपली मुले ओळखू येत नाहीत. पाडव्यापासून लाभपाचमीपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) बडोद्यातली बरीच दुकाने बंद असतात आणि निम्मी सोसायटी फिरावयास गेलेली असते. त्या दिवसांत ‘आम्ही सारे आठ दिवस द्वारका-सोमनाथला’ असे स्टेटस ठेवणे म्हणजे घराला कुलूप असल्याची दवंडी देणे होय. ते फोटो परत आल्यावर टाकावेत.

एका फसवणुकीपासून घरातल्या वडीलधाऱ्यांना सावध करावे. शुभेच्छापत्र किंवा लग्नपत्रिका म्हणून एखादी फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ते पत्र नव्हे, ते फोनमध्ये बसणारे अ‍ॅप असते आणि त्यातून बँकेचे पैसे जाऊ शकतात. ओळखीच्या नंबरावरून आली तरी ती उघडू नये, कारण त्या माणसाचा फोन आधीच ताब्यात गेलेला असू शकतो. त्याला साधा फोन करून विचारावे. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

उत्तराची घाई नसावी आणि टाळाटाळही नसावी. तुळशीचे लग्न होईपर्यंत दिवाळी असते, म्हणून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत आलेल्या उत्तराला उशीर झाला असे मी मानत नाही. मात्र ज्याने बातमी लिहिली आहे, त्याला बातमीचेच उत्तर द्यावे. मुलाला नोकरी लागली असे कोणी कळवले आणि आपण ‘तुम्हालाही शुभेच्छा’ लिहिले, तर आपण वाचलेच नाही हे त्याला कळते. आलेल्या बातम्या मी त्याच वहीत नावापुढे टिपून ठेवते. सुधाताईंच्या नावापुढे सध्या त्यांच्याच शब्दांत लिहिले आहे: ‘नात मला आज्जू म्हणते. डिसेंबरात दात काढावयाचे.’ दातांचे विचारणे संक्रांतीला होईल. तेव्हा एवढेच पाहावे लागते की १४ आणि १५ जानेवारीला बडोद्यातला प्रत्येक माणूस पतंग घेऊन गच्चीवर असतो आणि दिवसा फोन कोणी उचलत नाही. तिळगुळाचा निरोप दिवेलागणीनंतर पाठवावा, आणि राहून गेला तर रथसप्तमीपर्यंत सवड असते.