बर्लिनमधला पहिला पगार आणि दारातली पत्रपेटी
बर्लिनमध्ये ऑफिस जॉइन करताय? नव्या घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा वेगळा दाखला लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. किल्ली घेतानाच तो मागून घ्या. अपॉइंटमेंट तर इथून निघण्याआधीच शोधायला लागा. नोंदणीनंतर ११ अंकी टॅक्स आयडी पोस्टाने येतो. तो एचआरकडे पोचला नाही, तर पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जड कर कापला जाऊ शकतो. आणि हे अगदी कळकळीने सांगते: पत्रपेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव पहिल्याच दिवशी चिकटवा. तिथे पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नावच शोधतो. पेटीवर ‘कुलकर्णी’ दिसलं नाही, की पत्र आल्यापावली परत.