नव्या गाडीचा रंग खान्देशात टिकवायचा तर

भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे रंग उन्हानं उडतो असं इकडे सगळेच म्हणतात. ते खोटं नाही, पण त्याला वर्षं लागतात. नव्या गाडीची चमक पहिल्याच वर्षी उतरते ती बहुतेक वेळा कोरड्या फडक्यामुळे.

पत्र्यावर गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट जेमतेम ४०-५०, म्हणजे केसापेक्षा पातळ. आपल्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कठीण असतात. सकाळी बॉनेटवर झटकणी फिरवली की हेच कण घासत जातात. गडद रंगाच्या गाडीवर दुपारच्या उन्हात जे गोल गोल बारीक ओरखडे दिसतात, ते असे पडतात.

गाडी ताब्यात घेताना

शोरूमला आदल्या दिवशीच सांगून ठेवा: गाडी पुसू नका, पॉलिश मारू नका. तिथला पोऱ्या एकाच फडक्यानं दिवसभरात अनेक गाड्या पुसत असतो. गाडी बाहेर उन्हात घेऊन, शेडमध्येच असेल तर मोबाइलच्या टॉर्चनं, प्रत्येक पॅनल तिरक्या नजरेनं पाहा. कारखान्यातून गाडी आणताना रंग जपायला बॉनेट-टपावर चिकटवलेली फिल्म त्याच आठवड्यात काढा. उन्हात राहिली तर तिचा गोंद रंगाला धरतो.

पूजा व्हायलाच हवी, फक्त जागा बदला. हळद-कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटऐवजी काचेवर काढा. हळदीचा पिवळा डाग पांढऱ्या गाडीवर सहज राहतो, आणि बाजारच्या कुंकवात काय मिसळलेलं असतं ते सांगता येत नाही. हार दोऱ्यानं बांधा, चिकटपट्टी नको. नारळ गाडीपासून चार हात लांब फोडा.

‘नव्या गाडीला महिनाभर वॅक्स (रंगावर चोळायचं मेण) नको’ असं म्हणतात, ते गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या पॅनलला लागू आहे. कारखान्यातला रंग भट्टीत भाजलेला असतो, त्याला पहिल्या दिवशीही वॅक्स चालतं.

धुण्याची रीत

उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, सावलीत. बॉनेटला तळहात लावून पाहा. गरम लागलं तर थांबा. १५-१५ लिटरच्या दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक नुसत्या पाण्याची. कार शाम्पू बाटलीवर लिहिलेल्या मापानं. कपड्यांची पावडर अजिबात नको, ती क्षारधर्मी असते आणि वॅक्स धुऊन काढते.

आधी नुसत्या पाण्यानं धूळ वाहून जाऊ द्या. हे काम घाईनं उरकू नका. काळ्या मातीचा चिखल वाळलेला असेल तर ओला करून पाच मिनिटं थांबा. प्रेशर पंप असेल तर नळी हातभर लांब धरा. मग मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून आधी टप, मग काचा, बॉनेट, दारं आणि शेवटी खालचा भाग. सरळ रेषेत, जोर न लावता. प्रत्येक पॅनलनंतर हातमोजा साध्या पाण्याच्या बादलीत पिळायचा, मगच परत शाम्पूत. त्या बादलीच्या तळाला साचलेला गाळ पाहिला की दुसरी बादली कशाला, हे कुणी विचारत नाही. चाकांना वेगळं फडकं ठेवा.

खरी अडचण पाण्याची आहे. बोअरचं पाणी जड असतं. ते गाडीवर वाळलं की क्षारांचे पांढरे गोल ठिपके उरतात. म्हणून पाणी स्वतःहून वाळू द्यायचं नाही. जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरून ते टिपून घ्यायचं, टॉवेल रगडायचा नाही. घरी आरओ असेल तर शेवटच्या धुण्याला त्याचं पाच लिटर शुद्ध पाणी वापरा. बचत म्हणून आरओचं वाया जाणारं पाणी काही जण गाडीला वापरतात. त्यात तर क्षार आणखी जास्त. ताज्या ठिपक्यांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान करून ओलं फडकं मिनिटभर ठेवा आणि धुऊन टाका. महिनोन्‌महिने राहिलेला ठिपका रंगात खड्डा करतो, तो मग रबिंगनंच, म्हणजे वरचा थर घासूनच जातो.

सर्व्हिसिंग सेंटरला टाकलीच, तर डिझेल फवारू नका म्हणून बजावा. चकाकी येते, पण रबर फुगतं आणि धूळ दुप्पट चिकटते. फुकट म्हणून मिळणारं रबिंग-पॉलिशही नाकारा. प्रत्येक वेळी क्लिअर कोट थोडा खरवडला जातो आणि तो परत येत नाही.

डाग पडला तर

पक्ष्याची विष्ठा आम्लधर्मी असते. भर उन्हात तापलेला क्लिअर कोट मऊ पडतो आणि ती काही तासांत खूण करते. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, मग उचला. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या ट्रकजवळ गाडी लावाल तर चीक उडतो. ताजा असतानाच शाम्पूच्या पाण्यानं काढा, वाळला की तपकिरी पडतो. महामार्गावरच्या डांबराला टार रिमूव्हर, पाठोपाठ शाम्पू. नखानं किंवा ब्लेडनं खरवडू नका.

वॅक्स, सिरॅमिक की पीपीएफ?

वॅक्स आपल्या उन्हात फार तर दोन महिने टिकतं, सिंथेटिक सीलंट (वॅक्ससारखंच, पण कृत्रिम) चार-सहा महिने. गाडी घरी नीट धुणाऱ्याला सीलंट पुरतो. सिरॅमिक कोटिंगमुळे (रंगावर घट्ट बसणारा कडक, पातळ थर) धुणं सोपं जातं आणि चमक राहते, पण दगडाचा टोला त्यानं थांबत नाही आणि बोअरच्या पाण्याचे ठिपके त्यावरही पडतात. कोटिंग मारण्याआधी रंग ओरखड्याविना असायला हवा, नाहीतर ओरखडे तसेच आत राहतात.

दगडाला उपाय पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), म्हणजे १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेन फिल्म. पूर्ण गाडीला लावणं महागात पडतं. धुळे-सुरत मार्गावर ट्रकमागे रोजचं जाणं-येणं असेल तर पुढचा बंपर, बॉनेटचा पुढचा भाग, आरसे, दारांच्या कडा आणि हँडलमागची वाटी एवढ्यालाच लावा. वाटीत नखांचे ओरखडे सगळ्यात आधी पडतात.

कव्हर धुळीनं भरलेल्या गाडीवर घालू नका. वाऱ्यानं ते हलतं आणि खालची धूळ घासते. छपराखाली गाडी असेल तर कव्हर नसलेलंच बरं.

टोल्यानं पत्रा उघडा पडलाच, तर पावसाळ्याआधी भरा. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो; त्याचा टच-अप पेन घ्या. जागा शाम्पूनं धुऊन कोरडी करा, टूथपिकच्या टोकानं थेंबभर रंग खड्ड्यातच सोडा, तो सुकला की दुसरा. ब्रशनं फिरवलं की आजूबाजूला ठळक ठिगळ दिसतं.