डिपॉझिट कापण्याआधी भिंत नीट बघा

जाकीमिऱ्यात आमचं घर आहे. वर मी राहते, खाली दोन ब्लॉक चौदा वर्षं भाड्याने देतेय. भाडेकरू बहुतेक रत्नागिरीत बदलून आलेले: बँकवाले, नर्स, मध्ये एकदा मत्स्य महाविद्यालयाची दोन मुलं. समुद्र दोन वाड्या पलीकडे, पण पावसाळ्यात खिडकीच्या काचेवरून बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं.

हे आधी सांगायचं कारण, सुरुवातीला मी एका बँकेतल्या मुलाच्या डिपॉझिटमधून 4,000 रुपये कापले. ग्रिलला गंज चढून पापुद्रे सुटले होते आणि कपाटामागची भिंत काळी झाली होती. "ठीक आहे काकू," म्हणून तो गेला. दिवाळीच्या साफसफाईत माझं कपाट सरकवलं, तर मागे तीच बुरशी. वरची ग्रिल खालच्यापेक्षा जास्त गंजलेली. त्याचे पैसे परत पाठवले, त्याने हसण्याची खूण टाकली. मला मात्र आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

तर आधी कागद. "अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही" असं आमच्याकडे अजूनही सांगतात. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलटं आपण सिद्ध करेपर्यंत. नोटरीच्या शिक्क्याने हे भागत नाही. खर्चाचं म्हणाल तर मुद्रांक शुल्क पाव टक्का. माझं भाडं 6,000, अकरा महिन्यांचे 66,000, त्यात 20,000 डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांप्रमाणे धरलेली रक्कम मिळवायची. सगळं मिळून शुल्क दोनशेच्या आतबाहेर. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी 500. ऑनलाइन करून देणारा मुलगा अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. त्याची मजुरी वेगळी. मेमध्ये बोलावू नका. कोकमं फोडून फोडून माझा अंगठा तीनदा उठला नव्हता. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची, तेही त्या मुलाकडूनच करून घ्या.

अकरा महिन्यांची गंमत अशी की तारीख दरवर्षी एक महिना मागे सरकते. 1 जूनला सुरू केलेला करार 30 एप्रिलला संपतो, पुढचा 31 मार्चला. असं सरकत सरकत काही वर्षांनी घर ताब्यात घ्यायची वेळ भर पावसात येते, आणि ओल्या भिंतीचा हिशोब कुणालाच धड करता येत नाही. अशा वेळी मी दोन-तीन महिने जास्तीचा करार करून तारीख डिसेंबरनंतर ढकलते. अकराच महिने हवेत असं कुठे लिहिलेलं नाही.

डिपॉझिट मी साधारण तीन महिन्यांच्या भाड्याएवढं घेते आणि वेगळ्या बचत खात्यात ठेवते. घरखर्चाच्या खात्यात ठेवलं की ते गणपतीत विरघळतं, मग भाडेकरू निघाला की आपण नुकसान शोधत फिरतो. हे मी दुसऱ्यांकडे बघून सांगत नाही. शेवटचे दोन महिने "काकू, डिपॉझिटमधून वळते करा" म्हणणारे भेटतात. मी सरळ नाही म्हणते, आणि तसं करारात लिहून घेते. भाडं डिपॉझिटमधून फिटलं तर फुटलेलं बेसिन कशातून भरायचं?

किल्ली देताना आम्ही दोघं वही घेऊन फिरतो. "घर चांगल्या स्थितीत" असं लिहून काही उपयोग नाही. माझ्या वहीत असं असतं: "न्हाणीघर, दारामागे एका फरशीला तडा, विताएवढा. स्वयंपाकघर, ओट्याची डावी कड उडालेली. पश्चिमेची ग्रिल, खालच्या दोन सळ्यांना गंज." खाली दोघांच्या सह्या. मोबाईलवर फोटो काढून तिथल्या तिथे भाडेकरूला पाठवते, म्हणजे तारीख दोघांकडे राहते. मीटरच्या आकड्याचाही.

कोकणात मात्र ही एक फेरी पुरत नाही. मी आणखी दोन मारते: एक मेच्या शेवटी, एक नवरात्राच्या सुमाराला. आधी फोन करून, त्यांच्या सोयीने. मेच्या फेरीत कौलं, पन्हळ, खिडक्यांच्या फटी. ते काम माझं, खर्च माझा. मे 2021 च्या तौक्ते वादळात मागचे पत्रे उडाले तेव्हाही तो माझाच होता. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायला सांगते. नवरात्रातल्या फेरीत पावसाने काय केलं ते वहीत चढतं, भाडेकरू राहत असतानाच. मग निघताना त्यावरून तोंड वाजत नाही.

भिंत वाचायची कशी? वरून खाली उतरलेला तपकिरी ओघळ म्हणजे कौल किंवा स्लॅब गळतोय. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत चढलेली ओल आणि पोपडे म्हणजे चिऱ्याने (भिंतीच्या जांभ्या दगडाने) जमिनीतलं पाणी ओढलंय. कपाटाच्या आकाराचा काळा चौकोन म्हणजे वारा लागला नाही. पहिली दोन घरमालकाची. तिसऱ्याचेही मी पैसे घेत नाही. आठ-आठ दिवस झड असते तेव्हा खिडक्या मीही उघडत नाही. पण चिऱ्याच्या भिंतीत हातोड्याने मोठे खिळे मारून मुठीएवढा गिलावा पाडला, किंवा मासे बेसिनमध्ये साफ करून खवल्यांनी पाईप तुंबवला, तर प्लंबरची पावती दाखवून तेवढेच कापते. भाडेकरू पाच वर्षं राहिला असेल तर रंगाचे पैसे मागायची सोय नाही, रंग तसाही द्यायचाच होता.

सगळ्यात अवघड गेलं पंपाचं. मेमध्ये विहिरीचं पाणी खाली गेलेलं, खालच्या नर्सबाईंनी पहाटे पंप लावला आणि तशाच ड्युटीवर गेल्या. दुपारपर्यंत कोरडा चालून मोटर जळली. वाइंडिंगचे 3,200 झाले. त्या म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं नव्हतं, विहीर आटते ते." खरं होतं, मी सांगितलं नव्हतं. निम्मे त्यांनी भरले, निम्मे मी. आता पंपाच्या बटणाशेजारी पाटी आहे आणि करारात एक ओळ.

निघण्याच्या दिवशी तीच वही काढायची आणि त्याच क्रमाने फिरायचं. मुदत संपूनही कुणी घर सोडलं नाही तर पाणी-वीज तोडू नका, आपणच अडकतो. नोंदणीकृत करार असेल तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या दिवसांना दुप्पट दराने भरपाई मागता येते. माझ्यावर ती वेळ आली नाही.

वीजबिलाचं मात्र विसरू नका. शेवटचं बिल माणूस गेल्यावर येतं, आणि महावितरणच्या लेखी मीटर तुमचा. मी निघताना मीटरचा फोटो घेते, 1,500 रुपये मागे ठेवते आणि बाकी डिपॉझिट तिथेच खात्यावर पाठवते. नर्सबाईंचं बिल 640 आलं. 860 परत पाठवले आणि बिलाचा फोटो. त्यांचा उलट मेसेज आला: विहिरीला पाणी आहे ना यंदा?