जुन्या लॅपटॉपवर विंडोजच ठेवू की लिनक्स टाकू? आगोटीआधी उरकायचं काम

मुंबईत नवा लॅपटॉप घेतला की जुना गावाला पाठवायचा ही आमच्याकडची रीतच आहे, गणपतीत, शिमग्यात, मे महिन्यात चाकरमानी येतात आणि जाताना एक तरी लॅपटॉप "घरी उपयोगाला येईल" म्हणून ठेवून जातात, आणि तो फिरत फिरत आमच्या पडवीत येतो कारण गावात कॉम्प्युटरमधलं कळणारा मी एकटा (कळतं असा लोकांचा समज आहे, असो). यंदा सगळ्यांचा एकच प्रश्न, विंडोज १० बंद झालं म्हणतात, मग आता लिनक्स (विंडोजच्या जागी बसणारी दुसरी सिस्टीम) टाकू का?

बंद झालं म्हणजे लॅपटॉप उघडणारच नाही असं नाही हां. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट थांबवले, एवढंच. पण हे कौल फुटण्यासारखं आहे, मे महिन्यात काही कळत नाही, मृगात कळतं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा, फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा ज्या भोकातून तो शिरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, ज्यांनी दोन महिने अपडेट टाकले नाहीत ते अडकले. म्हणजे दुरुस्ती येऊनही ही गत, आणि दुरुस्ती येणंच थांबलं तर काय ते तुम्हीच बघा.

तर आधी एक कागद घ्या आणि त्या लॅपटॉपवर खरोखर काय काय काम होतं ते लिहा. लिनक्स भारी की विंडोज भारी हा वाद नंतर घाला. माझ्या आतेभावाचा होमस्टे आहे, त्याच्या कागदावर निघालं बुकिंगचे मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, एक्सेलमधली बिलं, कधीतरी सातबाऱ्याची प्रिंट, संध्याकाळी यूट्यूब. यातलं सगळं लिनक्सवर होतं (एक्सेलच्या जागी लिबरऑफिस वापरायचं). आंब्याचा धंदा करणाऱ्या काकांच्या कागदावर मात्र टॅली आणि टेंडरला लागणारी डिजिटल सहीची यूएसबी निघाली, तिथे मी विषयच बंद केला. टॅली विंडोजसाठीच बनतं, लिनक्सवर जुगाड करून चालवता येतं म्हणणारे भेटतील पण ऐन रिटर्न भरायच्या दिवशी तो जुगाड बसला तर ते भेटणार नाहीत. सहीच्या टोकनचंही तेच, ड्रायव्हर मिळाला तरी पोर्टलवरचं सही करायचं सॉफ्टवेअर चालेलच असं नाही. काकांना विंडोज ११.

प्रिंटरही त्याच कागदावर लिहा, मॉडेल नंबरासकट. आपल्याकडे झेरॉक्सवाल्यापासून सगळ्यांकडे तो कॅननचा छोटा एलबीपी २९०० दिसतो, तो लिनक्सवर फार छळतो. एचपीचे बरेचसे प्रिंटर उलट केबल लावली की आपोआप ओळखले जातात. आणि जुन्या मराठी फायली कृतिदेव किंवा श्रीलिपीत असतील तर तेही लिहा, फॉन्ट नसेल तिथे त्यांचं गिचमिड दिसतं. युनिकोडमध्ये टायपिंग करत असाल तर काळजी नाही, इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये असतोच, सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडायचं फक्त.

आता सुरक्षेचं. लिनक्सचा कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, सगळ्यांना उघडा दिसतो म्हणून तो सुरक्षित, असं आपली पोरं ठोकून सांगतात. अहो देवळाचा हिशोबही बोर्डावर लावलेला असतो, वाचतं कोण? २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या एका बारक्या पण सगळीकडे लागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमवून चोरदरवाजा बसवला होता, उघड्या कोडच्या प्रकल्पात. पण गंमत अशी की तो सापडला तोही उघडेपणामुळेच, अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा किडा चावला आणि त्याने खणत खणत मूळ काढलं, आणि हा माणूस नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये! विंडोजसारख्या बंद कोडमध्ये बाहेरच्या माणसाला असं खणता येत नाही, तिथे कंपनीवर भरवसा ठेवायचा. पण ती कंपनी पगारी माणसं बसवून दर महिन्याला दुरुस्त्या देते हेही खरंच आहे. माझं मत विचाराल तर घरच्या वापराला दोन्ही पुरेशी सुरक्षित आहेत, अट एकच, अपडेट चालू पाहिजेत.

खरी धोकादायक आहे ती तिसरी जात, क्रॅक केलेलं विंडोज. तालुक्याच्या एका दुकानात आतेभावाने लॅपटॉप दिला होता, शे-दोनशेत "ओरिजिनल" विंडोज टाकून मिळालं, आणि मी उघडून बघितलं तर अँटीव्हायरस बंद, अपडेट बंद, आणि अ‍ॅक्टिव्हेटर नावाची कसलीतरी फाईल प्रत्येक वेळी चालू होतेय. ज्याने कुलूप फोडून दिलं त्याच्याकडेच किल्ली ठेवल्यासारखं झालं. असं विंडोज असेल तर त्यावर बँकेचं काही करू नका, आजपासून.

विंडोजवरच राहायचं ठरलं तर पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचंच अ‍ॅप टाकून ११ चालेल का बघा. टीपीएम २.० (लॅपटॉपमधली सुरक्षेची चिप) लागतं, इंटेल असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, रॅम ४ जीबी किमान. अट चुकवून ११ बसवायचे उपाय आहेत, मी करून देत नाही, पुढे अपडेट मिळायची खात्री नसते. ११ बसत नसेल तर सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावरून विंडोज १० चे जादा अपडेट घेता येतात, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मायक्रोसॉफ्टचं खातं लागेल. वेगळा अँटीव्हायरस विकत घ्यायची गरज नाही, आतला डिफेंडर पुरतो. आणि रोजच्या वापराला अ‍ॅडमिन नसलेलं खातं बनवा, पोरं गेमच्या नावाखाली काय काय टाकतात.

लिनक्स ठरलं तर त्याच्या अनेक प्रकारांपैकी मी मिंट सांगतो, खाली डावीकडे मेनू, घड्याळ उजवीकडे, विंडोजवाल्याला परकं वाटत नाही. रॅम ४ जीबी किंवा कमी असेल तर त्याचाच एक्सएफसीई प्रकार घ्या, हलका आहे. इन्स्टॉल करायची फाईल जवळजवळ ३ जीबीची आहे, रोजच्या दीड जीबीच्या पॅकात बसत नाही, रेंजसाठी टेकडीवर जाण्यापेक्षा मुंबईहून येणाऱ्या कुणालातरी सांगा. मात्र ती मिंटच्याच साइटवरची हवी आणि तपासून घ्यायची. २०१६ च्या फेब्रुवारीत चोरांनी मिंटची साइटच फोडून डाउनलोडची लिंक स्वतःच्या बिघडवलेल्या फाईलकडे वळवली होती, म्हणून हे सांगतोय. रुफस नावाचं पेनड्राइव्ह तयार करायचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईल निवडली की बाजूला बरोबरची खूण असलेलं बटण दिसतं, ते दाबल्यावर येणारा लांबलचक आकडा साइटवरच्या आकड्याशी जुळवा. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफसनेच ती फाईल उतरवा, पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं जाईल.

आता लॅपटॉप चालू करताना बूट मेनू, लेनोवो आणि डेलला बहुधा एफ१२, एचपीला एफ९. पेनड्राइव्ह निवडलात की मिंट थेट त्यावरूनच चालू होतं, आतल्या डिस्कला हात न लावता. इथे घाई करू नका, सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंट निघते का, झाकण बंद करून उघडल्यावर परत जागा होतो का, कॅमेरा, ब्राइटनेस, सगळं बघा. पेनड्राइव्हवरून थोडं हळू चालतं, ते मनावर घेऊ नका. वायफाय लागत नसेल तर फोन केबलने जोडून नेट द्या आणि ड्रायव्हर मॅनेजरमध्ये बघा.

सगळं जमलं तर मगच इन्स्टॉल, पण त्याआधी फोटो आणि फायली बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा आणि त्या उघडतायत का तेही बघा. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणार असाल तर विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी विंडोज ४८ आकडे मागत बसेल आणि तुम्ही मला फोन कराल. आणि बॅटरी पूर्ण भरलेली असताना, इन्व्हर्टरच्या भरवशावर का होईना, पण आभाळ मोकळं असतानाच बसा. आमच्याकडे जूनमध्ये लाइट गेली की कधी येईल ते वायरमनलाही माहीत नसतं, आणि अर्ध्यावर बंद पडलेलं इन्स्टॉल म्हणजे ना घर का ना घाट का. म्हणूनच पापड, सुकी मासळी भरायच्या दिवसांत हेही उरकून घ्या.

झाल्यावर अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट घ्या, टाइमशिफ्ट चालू करा म्हणजे काही बिघडलं तर सिस्टीम मागे नेता येते (तुमचे फोटो मात्र त्यात धरू नका, त्यांची कॉपी वेगळीच), फायरवॉल बंद असते ती मेनूतून चालू करा. सॉफ्टवेअर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच टाका, कुठल्यातरी व्हिडिओत बघून टर्मिनलमध्ये काहीही चिकटवू नका. खोटी बुकिंगची लिंक आणि ओटीपी विचारणारा फोन, यांना मात्र तुमच्याकडे काय बसवलंय त्याने काही फरक पडत नाही.

आतेभावाकडे मिंट टाकल्यावर आत्याने पहिल्याच दिवशी "फायली खंय गेल्यो?" म्हणून हाक मारली, डेस्कटॉपवर तिचा रेसिपीचा फोल्डर ठेवल्यावर शांत झाली. दुसऱ्या आठवड्यात जावयाने पाठवलेलं वर्डचं पत्र लिबरऑफिसमध्ये उघडलं तर मजकूर इकडेतिकडे सरकलेला, तेव्हापासून बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवते.

काम झालं म्हणून तो पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका. उद्या लॅपटॉपमधलं विंडोज किंवा मिंट उघडलंच नाही तर त्याच्यावरूनच आतल्या फायली काढता येतात. औषधाच्या डबीतली ओल शोषणारी ती छोटी पुडी टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आपल्याकडच्या श्रावणात बुरशी चपलेलाही सोडत नाही.