‘देश धर्माच्या कायद्याने चालावा का?’ या विषयावर वादविवादाला उभं राहायचं तर

वादविवाद स्पर्धांच्या मोसमात हा विषय हमखास येतो : ‘या सभागृहाचे असे मत आहे की, राष्ट्राचा कारभार धर्माच्या कायद्याने चालावा.’ मग वाई, भुईंज, पाचवडची कॉलेजची पोरं माझ्या ओसरीवर येऊन बसतात. प्रतिकूल बाजू मिळालेला खुशीत असतो, अनुकूल मिळालेलीचं तोंड एवढंसं झालेलं असतं. मी हायस्कूलला इतिहास शिकवायचे. निवृत्त झाले तरी हा उद्योग सुटला नाही. तयारी कशी करून घेते ते एकदा लिहूनच टाकते.

आधी वही मिटा. तिच्यात बहुतेक वेळा सुविचार असतात, नाहीतर मोबाईलवरून उतरवलेली वाक्यं. धर्म चांगला की वाईट हा विषयच नाही, त्यामुळे त्यातलं निम्मं तिथेच बाद होतं. कोऱ्या कागदावर तीन प्रश्न लिहा. हा कायदा कुठे लिहिलाय? त्याचा अर्थ कोण लावतो? बदलायचा झाला तर कोण बदलतो? बाजू कुठलीही असो, भाषण या तिघांवरच उभं करायचं.

पहिल्या प्रश्नासाठी वाईच्या पोरांना लांब जावं लागत नाही. इथल्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी धर्मकोशाचं, म्हणजे जुन्या धर्मग्रंथांतली वचनं विषयवार गोळा करण्याचं काम केलं. त्यातले व्यवहारकांडाचे (देण्याघेण्याच्या, कोर्टकज्ज्यांच्या कायद्याचे) जाडजूड भाग एकदा हातात घेऊन बघा. कर्ज, ठेव, वारसा, साक्षीपुरावा, एकेका गोष्टीवर किती ग्रंथकार आणि किती मतं! वारसाहक्कच घ्या. मिताक्षरा या ग्रंथाप्रमाणे मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क मिळतो. बंगालात चालणाऱ्या दायभाग या ग्रंथाप्रमाणे बाप जिवंत असेतो मिळत नाही. धर्म एक आणि कायदे दोन. मुस्लिम कायद्यातही हनफी, शाफई, मालिकी, हंबली असे पंथ आहेत. नवरा बेपत्ता झाला तर हनफी मताने बाईला सुटका मिळणं जवळजवळ अशक्य होतं, म्हणून 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात मालिकी मताचा आधार घेतला आणि चार वर्षं पत्ता नसेल तर तिला कोर्टात जाता येऊ लागलं. प्रतिकूल वक्त्याने इथे एवढंच विचारायचं, ‘धर्माचा कायदा आणा म्हणता, तर यातला नेमका कुठला?’ आणि गप्प बसायचं. लगेच पुढचा मुद्दा ओढू नका. प्रश्न सभागृहात जरा मुरू द्या.

अनुकूल बाजू मिळाली म्हणून रडायचं नाही. तिच्याकडे एक भक्कम माणूस आहे आणि तोही आपल्याच सातारा जिल्ह्याचा, पेशवाईतले न्यायाधीश, क्षेत्र माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि शास्त्र्यांनी त्यांच्या काकाला, खुनाचा ठपका असलेल्या राघोबादादाला, तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. सत्ताधाऱ्याच्याही वर कायदा असतो ही कल्पना युरोपातूनच आली असं मानणाऱ्यांना हे ऐकवा. लोक ज्याला मनातून मानतात तो कायदा पोलीस न ठेवताही पाळला जातो, हा दुसरा मुद्दा. तिसरा, धर्मकायदा दगडी नसतो : ट्युनिशियाने 1956 मध्ये बहुपत्नीत्वावर बंदी घातली, तीही कुराणातच सर्व पत्नींना समान न्यायाची अट आहे असा अर्थ लावून. ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात 26 बिशप बसतात आणि तरी तिथे लोकशाही चालते, हेही चालेल, पण हा मुद्दा हलका आहे. त्यावर अर्ध्या मिनिटाच्या वर घालवू नका.

आता प्रतिकूलवाल्याने रामशास्त्र्यांना नाकारायचं नाही. (एकाने गेल्या मोसमात ‘ती नुसती दंतकथा’ म्हणून हात झटकले, समोर साताऱ्याचे परीक्षक! व्हायचं तेच झालं.) त्याने पुढचं विचारायचं : निकालाचं पुढे काय झालं? दादा पेशवे झाले, पेशवाईची वस्त्रं साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच गेली आणि शास्त्री पुणं सोडून निघून गेले. दादांना खाली खेचलं ते बारभाईंच्या राजकारणाने. निकाल देणारा वाघ होता, पण निकाल अमलात आणणारी यंत्रणाच नव्हती.

दुसऱ्या प्रश्नाला इराणचा दाखला पुरतो. तिथल्या पालक परिषदेत 12 जण असतात, त्यातल्या सहा धर्मशास्त्रज्ञांना सर्वोच्च नेता नेमतो. संसदेने केलेला कायदा या परिषदेने मान्य करावा लागतो आणि राष्ट्राध्यक्षपदाला कोण उभं राहणार तेही तीच ठरवते. कायदा देवाचा म्हटला तरी त्याचा अर्थ लावायला शेवटी कुणीतरी माणूसच लागतो, आणि त्या माणसाला मतदार घरी पाठवू शकत नाही. माझं विचाराल तर मी इथेच प्रतिकूल होते.

तिसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ द्या, कारण समोरचा इथे टोला मारणारच : ‘आपल्या देशात तरी लग्न-वारसा धर्माप्रमाणेच चालतो ना?’ याचं उत्तर पाठ नको, समजलेलं हवं. चालतो, पण संसदेच्या हाताखाली. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून 1951 मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं. पुढे 1955-56 मध्ये त्याचेच तुकडे कायदे म्हणून मंजूर झाले. 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. 2019 मध्ये तिहेरी तलाकवर कायदा आला. कायदा चुकला तर बदलायची जागा कुठे आहे, हे यातून दिसतं. संविधान सभेतला एक प्रसंगही सोबत ठेवा. 17 ऑक्टोबर 1949 ला ह. वि. कामतांनी उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली. 41 विरुद्ध 68 मतांनी ती पडली. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं देव नाही असं नव्हतं. श्रद्धेची सक्ती नको, असं होतं. हे नीट सांगितलं की देवभक्त श्रोताही तुमच्याकडे वळतो.

अनुकूलवालीने यावर काय म्हणावं? तिने सरळ गावाकडे यावं. 2005 चा कायदा आहे ना? मग आपल्याकडे किती आत्या निबंधकाच्या कचेरीत बसून हक्कसोडपत्रावर अंगठा उठवतात? भाऊ गाडी करून नेतो, वाटेत चहा पाजतो आणि येत्या भाऊबीजेला पातळ देतो. संसदेने दिलं ते रूढीने परत घेतलं, म्हणजे लोकांच्या मनातला कायदा जास्त जोरकस ठरला की नाही? या मुद्द्यावर समोरचा गडबडतोच. प्रतिकूलवाल्यांनो, तुम्ही हे उत्तर तयार ठेवा : सही करायला नकार देणाऱ्या आत्याला आज कोर्टाचं दार उघडं आहे, तिच्या आईला ते नव्हतं.

थोडं बोलण्याबद्दल. ‘त्यांच्यात असंच असतं’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी तोंडातून काढायचं नाही. समोरच्या बाकावर ‘त्यांच्यातली’ मुलगी बसलेली असते आणि परीक्षक तिच्याकडे बघतात. एका धर्माचं उदाहरण दिलं की दुसऱ्या धर्माचं द्या, मगच पुढे सरका. साल आणि आकडे तळहातावर लिहू नका, घामाने पुसतात. चार ओळींची चिठ्ठी मुठीत ठेवली तर कुणी हरकत घेत नाही. पहिली घंटा वाजली की हातातला मुद्दा संपवा, नवा काढू नका. आणि आदल्या संध्याकाळी जोडीदारासोबत बाजू बदलून एकदा पूर्ण बोला. अनुकूलवाल्याने प्रतिकूल, प्रतिकूलवाल्याने अनुकूल. खंडन तिथेच सापडतं. त्यासाठी यायचं असेल तर पाचच्या आत या, सातनंतर माझ्याकडे वीज असेलच असं नाही.