सैनिकांच्या मुलांना वर्गात सामावून घेताना
अमेरिकेत १९८६ पासून एप्रिल हा सैनिकी कुटुंबांतील मुलांचा महिना मानला जातो आणि सर्व सेनादलांचे प्रतीक म्हणून त्यात एक दिवस अनेक शाळांमध्ये जांभळे कपडे घातले जातात. असा दिवस जरूर साजरा करावा. मात्र मुलाला सर्वांसमोर बोलायला उभे करण्यापूर्वी त्याला ते हवे आहे का, हे एकांतात विचारावे.

खरी गरज बदलीच्या वेळी भासते. मूल वर्गात येण्याआधीच अभ्यास कुठवर झाला आहे याची माहिती जुन्या शाळेकडून मागवावी, मधल्या सुट्टीत सोबत करील असा जोडीदार नेमून द्यावा आणि खेळाच्या संघाची किंवा नाटकाची निवड उरकली असली तरी त्याच्यासाठी जागा काढावी, कारण पुढची बदली येईपर्यंत त्याच्या हाती मोजकाच काळ असतो.

आई किंवा वडील मोहिमेवर असताना गृहपाठ राहू लागला, तर शिक्षेआधी आस्थेने चौकशी करावी; ‘ते कधी परतणार?’ हा प्रश्न मात्र टाळावा (त्याचे उत्तर अनेकदा घरातही कोणाला ठाऊक नसते). ते परतल्यावर घराची घडी पुन्हा बसायला वेळ लागतो, म्हणून त्यानंतरचे काही महिनेही शिक्षकांनी मुलाकडे लक्ष ठेवावे.